खिडकी, खुर्ची आणि खुंटी

नमस्कार श्रोतेहो. शाळेची इमारत बघायला गेलं की आपण वर्ग मोजतो, शौचालयं मोजतो. शिक्षकांच्या खोलीत कुणी डोकावत नाही. आज तिच्याविषयी बोलू. तीनच शब्द ध्यानात ठेवा : खिडकी, खुर्ची, खुंटी.

खुंटीचं आधी उरकतो. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडचा धो धो पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. ओला रेनकोट खुर्चीच्या पाठीवर टाकला की खोलीला दिवसभर कुबट वास. खुंट्या बाहेर, व्हरांड्यात मारा. आणि चहा खोलीतच उकळू द्या. थर्मासमधला चहा हा चहाच नव्हे, पण ते असो.

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी होतो. आमची शिक्षकखोली म्हणजे कोठीच. एका भिंतीला दासोहाच्या, म्हणजे मुलांच्या दुपारच्या जेवणाच्या, तांदळाची पोती, दुसरीला दूध पावडरीची पाकिटं, मधे गुंडाळलेले नकाशे. डबा मांडीवर घेऊन खायचा. एका दिवाळीच्या सुट्टीत रंगकाम निघालं, लोखंडी कपाट सरकवलं, तर मागे खिडकी! गजांना कोळ्यांची जाळी, आणि पलीकडे फणस. इतकी वर्षं आम्ही खिडकीकडे पाठ करून भर दुपारी ट्यूब लावत होतो.

कपाट परत तिथं ठेवू दिलं नाही आमच्या कन्नडच्या बाईंनी. त्यांनी फणसाकडे तोंड करून एक खुर्ची टाकली. पत्र्याखाली पावसाच्या आवाजावर आवाज चढवून चार तास घेतले की घसा बसतो. त्याला औषध म्हणजे गप्प बसणं. नियम एकच : त्या खुर्चीत जो बसेल, त्याच्याशी बोलायचं नाही. नाव पडलं ‘सुम्निर्री खुर्ची’. बेळगावकडच्या श्रोत्यांना अर्थ सांगायला नको; बाकीच्यांसाठी, कन्नडमध्ये ‘सुम्निर्री’ म्हणजे ‘गप्प बसा’.

हेडमास्तर हसले. ‘शाळेत असली थेरं?’ एकदा तातडीचा तक्ता भरायचा होता आणि बाई नेमक्या खुर्चीत. सर तक्ता हातात घेऊन मागे उभे. खाकरले. बाई फणसाकडेच बघतायत. शेवटी त्यांनी पहिलीतल्या पोराची पाटी आणली, त्यावर लिहिलं, ‘पट किती?’ आणि पाटी बाईंच्या पुढ्यात धरली. बाईंनी खडूनं आकडा लिहिला, पाटी परत दिली.

तर खिडकी, खुर्ची, खुंटी. खर्च विचाराल, तर आमचा खिळ्यांचाच झाला.

मार्चमध्ये परीक्षेच्या धामधुमीत मी खोलीत शिरलो. खुर्चीत हेडमास्तर, डोळे मिटलेले. मांडीवर तीच पाटी, लिहिलेलं होतं, ‘दहा मिनिटं.’


नमस्कार.