सात की पाच?

दादरच्या फुलबाजारात पहाटेच्या अंधारात झेंडूच्या गोण्या उतरतात. इथे धंदा करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "दुपारपर्यंत पाणी पितच नाही. प्यायलं की जायचं कुठे? आणि माल कोणाच्या भरवशावर सोडायचा?" पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, त्यातले क्षार साचत जातात. मग एका रात्री पाठीतून जांघेपर्यंत अशी कळ निघते, की कूस बदलूनही चैन पडत नाही. मुतखडा.

मावशींच्या पिशवीत दोन रिपोर्ट आहेत. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीतला खडा ७ मिलिमीटर. चार दिवसांनी काढलेल्या सिटी स्कॅनमध्ये ५. मधल्या दिवसांत कुळथाचं पाणी घेतलं होतं. "विरघळला बघा!" त्यांचा चेहरा उजळलेला. पण खडा बहुधा होता तेवढाच आहे.

सोनोग्राफीच्या टेबलावर काय होतं ते बघा. लघवी दाबून झोपायचं, पोटावर गार जेल. ध्वनिलहरी खड्यावर आपटून परततात, पडद्यावर पांढरा ठिपका चमकतो, त्याच्यामागे काळी सावली पडते. डॉक्टर चित्र थांबवतात आणि ठिपक्याच्या दोन टोकांना खुणा करतात. अंतर येतं, तेच माप. मात्र लहरींच्या झोताला स्वतःची जाडी असते, त्यामुळे ठिपका आडवा पसरतो आणि खडा आहे त्याहून मोठा दिसतो. लहान खड्यांत ही चूक जास्त. म्हणून काही तज्ज्ञ सावलीची रुंदी मोजतात. ती खऱ्या मापाच्या जास्त जवळ जाते.

साध्या एक्स-रेत युरिक ॲसिडचे खडे दिसतच नाहीत. सिटीत तेही दिसतात, आणि मापासाठी आज सर्वाधिक भरवसा सिटीवरच. तिथेही मोजणाऱ्याचा हात हवा. पडद्यावरचं चित्र मऊ अवयव नीट दिसतील अशा सेटिंगवर ठेवलं, तर खडा फुगलेला दिसतो. हाडांच्या सेटिंगवर, चित्र मोठं करून मोजला की कडा नेमक्या सापडतात. सिटी शरीराची चित्रं कापांसारखी दाखवतो; नुसते आडवे काप पाहिले तर उभी लांबी चुकू शकते. सिटीत किरणोत्सर्ग असतो, हे विसरून चालणार नाही. कमी मात्रेचा सिटी त्यासाठीच आहे, आणि गरोदर बाईला आधी सोनोग्राफीच.

दोन मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप? मूत्रवाहिनीतले ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे शंभरातले साधारण ६८ आपोआप पडतात. ५ ते १० मिलिमीटरचे ४७. थांबायचं की ऑपरेशन करायचं, याच्या विचारात हा आकडा मोठा असतो. ऑपरेशन म्हणजे मावशींचे किती दिवस धंद्याविना!

मावशींना पुढच्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी सांगितली आहे. समजा त्यात ६ आला, तर ५ चा ६ झाला म्हणून घाबरायचं नाही. तो आकडा पहिल्या सोनोग्राफीतल्या ७ च्या शेजारी ठेवून वाचायचा. म्हणून जुना रिपोर्ट सोबत न्यायचा, दोन्ही न्यायचे.