छोटा हत्तीतलं गोडाऊन

सकाळचे साडेसहा. चाकणचा तळेगाव चौक. ही जी रांग दिसतेय ना, तिच्या मधोमध एक छोटा हत्ती अडकलाय, ताडपत्रीखाली ट्रॉल्या आणि ट्रॉल्यांत भोसरीहून आलेली ब्रॅकेटं. ड्रायव्हर सारखा घड्याळ बघतोय, कारण कंपनीच्या गेटवर त्याची वेळ ठरलेलीय आणि हीच ब्रॅकेटं आज दुपारच्या आत गाड्यांना बसणारेत. कंपनीत शिल्लक फार नाही. मुद्दामच ठेवत नाहीत.

जस्ट इन टाइम म्हणतात ते हे. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच.

आपल्या घरात बरोब्बर उलटं चालायचं. उन्हाळ्यात वर्षाचे गहू घ्यायचे, ऊन दाखवायचं, एरंडेल चोळायचं, कोठ्या भरायच्या. आजीला कोणी सांगितलं असतं की रोज लागतील तेवढेच आण, तर तिने वेड्यातच काढलं असतं. जुने कारखाने पण असेच, स्टोअर गच्च भरलेलं तर साहेब निवांत. पण त्या कोठीत पैसे अडकतात, जागा अडते, आणि गव्हात किडे झालेत हे झाकण उघडेपर्यंत कळत नाही. पार्टचंही तसंच, हजार नग चुकीच्या मापाचे बनवून ठेवले तर ते चुकलेत हे महिन्याभराने कळणार.

हा विचार टोयोटाचा. कंपनी सुरू करणाऱ्या किइचिरो टोयोडांनी १९३८ च्या सुमारास तो मांडला, आणि युद्धानंतर ताइइची ओनो नावाच्या इंजिनियरने तो कारखान्यात खरा करून दाखवला. ओनोंना भावली होती अमेरिकेतल्या सुपरमार्केटची पद्धत, गिऱ्हाईक फळीवरनं जेवढं उचलेल तेवढंच मागनं भरायचं. मग पार्टच्या पेटीला कार्ड लावलं, पेटीतला माल वापरायला घेतला की ते कार्ड मागच्या खात्याकडे जाणार, तेव्हाच तिथे पुढचा माल बनणार. कार्ड नाही तर काम नाही. हेच ते कानबान.

आता याची दुसरी बाजू, जी ट्रेनिंगच्या स्लाइडवर सहसा नसते. १ फेब्रुवारी १९९७, पहाटे, जपानमध्ये करिया इथे आयसिन सेइकी कंपनीच्या कारखान्यात आग लागली. तिथे बनायचा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह, हातात मावेल एवढा, आणि टोयोटाला लागणारे जवळपास सगळे व्हॉल्व्ह याच एका जागेहून यायचे. टोयोटाकडे शिल्लक काही तासांची! जपानमधल्या बहुतेक लाइनी ठप्प झाल्या. मग डझनावारी व्हेंडर धावले, ड्रॉइंग वाटून घेतली, शिलाई मशीन बनवणाऱ्या कंपनीनेसुद्धा मिलिंग मशीन जुळवून थोडेफार व्हॉल्व्ह काढून दिले. आठवड्याभरात गाड्या परत निघायला लागल्या. मला विचाराल तर ती पद्धत वाचली कार्डामुळे नाही, वर्षानुवर्षांच्या ओळखीमुळे.

२०११ च्या जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतर मात्र टोयोटाच बदलली. ज्या वस्तू पटकन मिळणार नाहीत, उदाहरणार्थ चिप, त्यांचा काही महिन्यांचा साठा सप्लायरने ठेवायचा असं ठरलं. म्हणून २०२१ च्या सुरुवातीला चिप मिळेनात तेव्हा बाकीच्यांपेक्षा ती जरा जास्त टिकली. म्हणजे आजी अगदीच चुकत नव्हती.

आणि इथे पुण्यात? भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये डोकावून बघा. शेडच्या कोपऱ्यात दोन दिवसांचा तयार माल रचलेला असतो, कारण आपल्यामुळे कंपनीची लाइन थांबली तर बोलणी आणि भुर्दंड दोन्ही आपल्याच माथी, शिवाय पावसाळ्यात नाशिक रोड कधी तुंबेल याचा भरवसा नाही. कंपनीच्या हिशोबातला साठा कमी झाला हो, पण तो गेला कुठे? या शेडमध्ये. आणि उरलेला या चौकात, ताडपत्रीखाली, हॉर्न वाजवत उभा.

सव्वासात. रांग हलली. छोटा हत्ती गेटवर लागला, चलनावर शिक्का बसला, ट्रॉल्या उतरल्या. ड्रायव्हरने चहा घेतला आणि परतीला कालच्या रिकाम्या ट्रॉल्या चढवल्या. जेवढ्या रिकाम्या गेल्या तेवढ्याच भरून आणायच्या, दुपारच्या फेरीला.