बालविकास तज्ज्ञ नेमके काय पाहतात?

नमस्कार. माझ्या हातात या क्षणी तीन वस्तू आहेत: लाल लोकरीचा एक गोंडा, काही लहान लाकडी ठोकळे आणि एक चुरमुरा. बालविकास तज्ज्ञांच्या खोलीत गेलात, तर टेबलावर साधारण असेच साहित्य मांडलेले दिसेल, आणि पुष्कळ पालकांचा पहिला हिरमोड तेथेच होतो. मोठे यंत्र नाही, रक्ताची तपासणी नाही, समोरची व्यक्ती तर बाळाशी नुसती खेळत बसली आहे; मग तपासणी सुरू व्हायची कधी? खरे तर ती केव्हाच सुरू झालेली असते.

हा चुरमुराच घ्या. सहा-सात महिन्यांचे बाळ त्याच्यावर सगळा पंजा फिरवून तो गोळा करू पाहते, आणि वर्षाच्या सुमारास तेच बाळ अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत तो अलगद उचलते. (घरी करून पाहणार असाल, तर बाळावरची नजर हलवू नका, उचललेली वस्तू क्षणात तोंडात किंवा नाकात जाते.) तज्ज्ञ मात्र चुरमुरा उचलला की नाही एवढ्यावर थांबत नाहीत. प्रत्येक वेळी उजवाच हात पुढे येतो का, डावी मूठ अंगठा आत घेऊन घट्ट मिटलेली राहते का, गोंडा बाजूला सरकवला की दोन्ही डोळे त्याच्यामागे जातात का, हे सारे त्याच वेळी पाहिले जात असते. वर्ष पुरे होण्याआधीच बाळ सतत एकच हात वापरू लागले, तर घरात कौतुकाने ‘डावखुरा होणार वाटते’ असे म्हटले जाते. तज्ज्ञांच्या मनात त्याच वेळी प्रश्न येतो, की दुसरा हात मागे का राहतो आहे?

या खेळामागे काटेकोर मोजमाप असते. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी केलेल्या कामातून भारतीय बाळांचा विकास मोजणारी ‘डीएएसआयआय’ ही चाचणी उभी राहिली. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या चाचणीत हालचालींच्या विकासाच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. अर्थात, बाळ झोपेला आले असेल किंवा आदल्या रात्री तापाने फणफणले असेल, तर एवढ्या तयारीचाही उपयोग होत नाही, आणि चांगले तज्ज्ञ अशा दिवशी निष्कर्ष न काढता पुन्हा बोलावतात. त्या दुसऱ्या फेरीचा राग मानू नका.

मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत वयाचा हिशोबच निराळा असतो. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ आठ आठवडे आधी आलेले असते. म्हणून कॅलेंडरप्रमाणे ते सहा महिन्यांचे झाले, तरी त्याच्याकडून अपेक्षा चार महिन्यांच्या बाळाइतक्याच ठेवायच्या असतात, आणि ही वजाबाकी साधारण दोन वर्षांपर्यंत करावी लागते. शेजारच्या बाळाशी तुलना करून हवालदिल झालेल्या आईला एवढे एक गणित समजावून सांगितले, तरी तिची निम्मी चिंता उतरते. उरलेल्या निम्म्या चिंतेसाठी मात्र नियमित पाठपुरावाच लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते १९८९ या काळात नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा ती पौगंडावस्थेत पोहोचेपर्यंत केला. रुग्णालयातल्या काचेच्या पेटीतून बाळ बाहेर आले म्हणजे संकट संपले, असे मानून पुढच्या तारखा चुकवणाऱ्या कुटुंबांसाठी मी हे मुद्दाम सांगतो.

आता सर्वांत जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे येऊ, म्हणजे उशिरा बोलण्याकडे. ‘त्याचे बाबाही उशिराच बोलले होते’ हे वाक्य प्रत्येक घरात तयार असते, आणि त्यात कधीकधी तथ्यही असते. म्हणूनच ते घातक ठरते, कारण त्याच्या आधाराने वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते. तज्ज्ञ येथे शब्द मोजण्याआधी दोन गोष्टी पाहतात. पहिली म्हणजे ऐकू येणे. दार आपटल्यावर मूल दचकते म्हणून त्याला सगळे ऐकू येते, असे होत नाही. बोलण्यातील बारीक ध्वनी निसटत असू शकतात, म्हणून कानांची रीतसर तपासणी हवीच. दुसरी गोष्ट म्हणजे बोट दाखवणे. दीड वर्षाचे मूल खिडकीतल्या कावळ्याकडे बोट करते आणि वळून तुमच्याकडे पाहते, तेव्हा एकही शब्द न उच्चारता त्याने आपला आनंद तुमच्याशी वाटून घेतलेला असतो. हाक मारल्यावर मूल वळतच नसेल, त्याचे बोट कशाकडेही जात नसेल, किंवा येत असलेले शब्द नाहीसे होऊ लागले असतील, तर ‘बघू पुढच्या वाढदिवसापर्यंत’ असे म्हणण्यात काहीच शहाणपण नाही. वय किती याचा विचार न करता त्याला तज्ज्ञांना दाखवून आणावे.

दाखवल्यावर काय होते, हे एका प्रसंगातून सांगतो. तळहातावर बोटाने मोराला चारा घालण्याचा आपला जुना खेळ तुम्हाला आठवत असेल. एका वाचा-उपचार तज्ज्ञ बाईंनी तो एका दोन वर्षांच्या मुलाशी चार वेळा खेळला, आणि पाचव्या वेळी मोर उडण्याच्या नेमक्या आधी त्या थांबल्या. हात तसाच हवेत, तोंडाने एक अक्षर नाही. मुलाने आधी त्यांच्या बोटाकडे पाहिले, मग प्रथमच थेट चेहऱ्याकडे पाहिले आणि ‘भु’ असा अर्धा आवाज काढला. मोर लगेच उडाला. कोपऱ्यात बसलेली आजी म्हणाली, ‘अहो, हे तर आम्हीही करतो.’ बाई म्हणाल्या, ‘करता ना आजी, फक्त थांबत नाही.’ माझ्या मते या व्यवसायाचे मर्म त्या थांबण्यात आहे. उपचार-कक्षात मूल आठवड्यातून एक-दोन तास असते, बाकी सारा वेळ घरात असते. म्हणून आंघोळ, जेवण, अंथरूण घालणे या रोजच्या व्यवहारांत असे थांबे कोठे पेरायचे, हे आई-वडिलांना आणि आजीला शिकवणे हेच तज्ज्ञांचे मोठे काम आहे. मुलाला आत नेऊन दार लावून घेणारे आणि तासाभराने ‘छान झाले’ एवढेच सांगून परत देणारे केंद्र मला म्हणूनच पटत नाही.

बालविकास तज्ज्ञ ही काही एकच पदवी नव्हे. विकासाच्या अंगाने पाहणारे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, रोजची कामे करता यावीत म्हणून सराव घेणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-उपचार तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक असे अनेक जण मिळून हे काम करतात. वाचा-उपचार तज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तो क्रमांक विचारण्यात संकोच करू नका.

खासगी उपचार परवडत नसतील, तरी मार्ग आहे. मुलांच्या तपासणीसाठी सरकारने आखलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाली.  या कार्यक्रमातील फिरती आरोग्य पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीतील मुलांची तपासणी करतात आणि गरज असेल त्यांना चिठ्ठी देऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे विकासातील अडचणींवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या सरकारी केंद्राकडे, पाठवतात. साखळी तुटते ती या चिठ्ठीपाशी. केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी, घर पाड्यावर, आणि प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडणार. अशा आईला ‘निष्काळजी’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. काही व्यायाम जवळच्या अंगणवाडीत करून घेता येतील का, हे तिने पहिल्याच भेटीत विचारावे.

पहिल्या भेटीला जाताना माता व बाल संरक्षण कार्ड आणि रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेला कागद बरोबर घ्या. अनोळखी खोलीत मूल बुजते, म्हणून ते घरी आपल्याच नादात खेळत असतानाचे दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण फोनमध्ये असू द्या. चित्रीकरण करताना ‘काकांना टाटा कर’ असे सांगू नका. मूल स्वतःहून काय करते, तेच तज्ज्ञांना पाहायचे असते.