मोठी फाइल मध्येच तुटणार, हे धरूनच सर्व्हर बांधा

मंडळी, आपल्या पुण्यात मोठ्या फाइली पाठवणारे पुष्कळ आहेत. चित्रपटाचं शिक्षण घेणारी मुलं, जुन्या पोथ्या स्कॅन करणारे अभ्यासक, लग्नाचे व्हिडिओ करणारे. यांची ४ जीबीची एक फाइल घ्या. अपलोडला १० मेगाबिटचा वेग सलग मिळाला, तरी ५३ मिनिटं लागतात. तेवढ्यात वीज जाते, वायफाय सुटतं, नाहीतर लॅपटॉप स्लीपमध्ये जातो. पन्नासाव्या मिनिटाला तुटलं की त्या माणसाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडे तक्रार येते ती ‘४१३’ची, म्हणजे ‘फाइल फार मोठी आहे’ असं सांगून सर्व्हरने नाकारल्याची. एंजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये क्लायंट मॅक्स बॉडी साइझ, म्हणजे एका विनंतीत येणाऱ्या मजकुराची मर्यादा, मुळात १ एमबी असते. पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत एका फाइलची मर्यादा २ एमबी, पूर्ण पोस्टची (एकदम पाठवलेल्या सगळ्या माहितीची) ८ एमबी. आपण आकडे वाढवतो आणि काम झालं असं समजतो. खरा त्रास तिथून पुढे सुरू होतो.

एंजिनएक्स प्रॉक्सी म्हणून, म्हणजे ॲपच्या पुढे मध्यस्थ होऊन उभा असेल, तर तो आधी सगळी फाइल स्वतःच्या डिस्कवर तात्पुरती उतरवून घेतो आणि मगच ॲपकडे देतो. ॲप ती पुन्हा लिहितं. म्हणजे जागा दुप्पट लागते. चाळीस जणांनी एकदम पाठवायला घेतलं की टेंप फोल्डरचं पार्टिशन (तात्पुरत्या फाइलींचा डिस्कचा भाग) भरतं आणि ज्यांचा अपलोडशी काही संबंध नाही, त्यांचीही साइट बंद पडते. बरेच जण सुचवतात, हे आधी साठवून घेणं, म्हणजे बफरिंग, बंद करा. बंद करता येतं, पण मग संथ लाइनवरचा एकेक माणूस तुमचा एकेक वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रक्रिया) तासभर अडकवून ठेवतो. पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमवर हे फार महागात पडतं. फाइल मेमरीत अख्खी वाचणारा कोड तर आजच काढून टाका.

माझं मत स्पष्ट आहे: फाइल तुकड्यांत घ्या. टस नावाचा खुला प्रोटोकॉल नेमका यासाठीच आहे. लाइन तुटली की ब्राउझर हेड विनंती करून विचारतो, ‘कितीपर्यंत पोचलं?’ सर्व्हर ऑफसेट, म्हणजे आतापर्यंत आलेल्या बाइटांचा आकडा, सांगतो आणि पॅच विनंतीने तिथूनच पुढचे बाइट जातात. ऑफसेट जुळला नाही, तर सर्व्हर ४०९ हा ‘मेळ बसत नाही’ असा कोड देऊन नाकारतो. किती आलं याचा हिशेब सर्व्हरकडेच राहतो, ब्राउझरच्या अंदाजावर काही चालत नाही. ही शिस्त मला फार आवडते.

ॲमेझॉन एस३ ही फाइली साठवण्याची सेवा वापरत असाल, तर सही केलेली (ठरावीक वेळेपुरती परवानगी देणारी) लिंक देऊन तुकडे थेट तिकडेच जाऊ द्या, तुमचा सर्व्हर मध्ये नको. तिथे शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा हवा आणि तुकडे १०,००० पेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणजे ५-५ एमबीचे तुकडे केले, तर गाडी ५० जीबीच्या आसपास अडते. तेव्हा तुकड्याचा आकार फाइल बघून ठरवा. अर्धवट राहिलेले तुकडे आपोआप जात नाहीत, त्यांचं भाडं चढत राहतं. ते ठरावीक दिवसांनी पुसणारा नियम पहिल्याच दिवशी लावा.

आणि ‘अपलोड पूर्ण’ दाखवण्याआधी अख्ख्या फाइलचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा, दोन्हीकडे जुळवा. माणूस तो संदेश वाचतो आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकतो.