कधीही बंद पडू शकणारं इंजिन

(दृश्य: पेट्रोलचा कॅन, मापातून पडणारं ऑइल)

दहा लिटर पेट्रोल, त्यात दोनशे मिलिलिटर टू-टी ऑइल. झाकण लावून कॅन खसाखसा हलवायचा. आरएक्स शंभर चालवलेल्यांना हा वास लगेच ओळखू येईल. फक्त हे पेट्रोल चाललंय छोट्या, हलक्या विमानात.

(दृश्य: इंजिन, जवळून)

हे रोटॅक्स 582. ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीचं. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, 580 सीसी, सुमारे 65 अश्वशक्ती. कॅमशाफ्ट नाही, खाली ऑइलचा चेंबर नाही. प्रत्येक फेऱ्याला स्फोट, म्हणून एवढ्याशा वजनात एवढी ताकद. मिनिटाला साडेसहा हजार फेरे पंख्याला झेपत नाहीत. मधला गिअरबॉक्स ते अडीच हजारांच्या आसपास आणतो.

हे घराणं मूळचं बर्फावरचं. रोटॅक्सची टू-स्ट्रोक इंजिनं आधी स्नोमोबाइल ओढायची. 1976 मध्ये अमेरिकेत ओशकोशच्या विमान-मेळाव्यात जॉन मूडींनी छोटं इंजिन लावलेला हँग ग्लायडर उडवून दाखवला, आणि हौशी लोकांना हलक्या इंजिनांचं वेडच लागलं. 1982 मध्ये तिथे नियम आला: रिकामं विमान 254 पौंडांच्या, म्हणजे 115 किलोंच्या आत असेल, तर लायसन्स नको. एवढ्या वजनात टू-स्ट्रोकशिवाय दुसरं काय बसणार?

(दृश्य: मॅन्युअलचं पान)

रोटॅक्सचं मॅन्युअल मात्र स्पष्ट बजावतं: हे इंजिन अचानक बंद पडू शकतं. इतका प्रामाणिक कागद मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

बंद का पडतं? एक कारण थंडपणा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, भराभर तापून फुगतो. सिलिंडर थंड ठेवणारं भोवतालचं पाणी गार असेल तर सिलिंडर आक्रसलेलाच राहतो. अशात एकदम पूर्ण रेस दिली की पिस्टन धरतो, इंजिन सीझ. म्हणून पाणी 65 अंशांवर जाईपर्यंत धावपट्टीच्या टोकाशी थांबायचं. घाई झालेल्या माणसाला ती पाच-दहा मिनिटं फार लांबतात.

आणि वर गेल्यावर? एक नजर काट्यांवर, दुसरी खाली, मोकळ्या शेताच्या शोधात.

(दृश्य: उतरल्यानंतर, प्लग काढताना)

प्रत्येक सिलिंडरला दोन, असे चार प्लग. पुढच्या सिलिंडरचे दोन्ही चॉकलेटी, म्हणजे ठीक. मागच्याचे दोन्ही पांढरट. त्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय, किंवा कुठून तरी हवा ओढली जातेय.

कार्ब्युरेटर खोलायला घेतला. दुपारचं उड्डाण रद्द.