सुट्टीचा दिवस, एक दालन आणि मधलं जेवण

श्रोतेहो, नमस्कार.

मोठ्या शहरात सुट्टीचा अख्खा दिवस हाताशी आहे, कुणाकडे जायचं नाही, खरेदी नाही. ठरलंय ते एवढंच, की म्युझियम बघायचं आणि चांगलंचुंगलं खायचं. बेत झकास. पण अशा दिवसाची संध्याकाळ कशी असते ते तुम्हालाही ठाऊक असेल. पायांचे तुकडे पडलेले, डोकं जड, फोनमध्ये ढीगभर फोटो, आणि जेवण केव्हा? तर भूक मरून गेल्यावर, समोर जे दिसलं ते. याचं कारण आपण दिवस म्युझियमभोवती आखतो आणि जेवण उरलेल्या फटीत कोंबतो. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ म्हणणारी माणसं आपण, पण तिकीट हातात पडलं की नेमकं हेच विसरतो. माझं सांगणं एवढंच आहे: आधी जेवणाची वेळ ठरवा, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे म्युझियम बसवा.

म्युझियममध्ये माणूस दमतो, ही काही आपली नाजूक प्रकृती नव्हे. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधल्या बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ साली या थकव्यावर लेखच लिहिला. त्यांनी एका माणसाला काचेच्या कपाटांतल्या वस्तू बघून प्रश्नांची उत्तरं द्यायला सांगितली आणि त्याचे फोटो काढले. त्यात तो बिचारा कुठे कंबरेत वाकलाय, कुठे उकिडवा बसलाय. गिलमन यांनी दोष दिला तो मांडणीला. मांडणी तेव्हापासून बरीच सुधारली, पण दोन पावलं चालायचं, थांबायचं, मान वर, मान खाली, हा प्रकार काही सुटलेला नाही. सरळ चार मैल चालणं त्यापेक्षा परवडलं.

आता थोडं गणित करू. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एका चित्रापुढे किती वेळ थांबतात, याची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या वेळा लोक १७ सेकंद किंवा त्याहून कमीच थांबले होते. पॅरिसच्या लूव्रमध्ये साधारण ३५ हजार वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीला हे १७ सेकंद द्यायचे म्हटले तरी १६५ तास होतात. म्हणजे न झोपता, न जेवता जवळजवळ सात दिवस. तेव्हा ‘सगळं बघून टाकू’ हा हट्ट दारातच सोडलेला बरा. एक दालन घ्या. फार तर दोन.

आणि त्या दालनात सगळे जिकडे बघताहेत तिकडे पाठ करून एकदा बघा. लूव्रमध्येच मोनालिसा आहे, जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद, काचेमागे. तिच्यापुढे ही गर्दी! आणि त्या गर्दीच्या पाठीमागे, समोरच्या भिंतीवर, जवळजवळ दहा मीटर रुंद असं इटालियन चित्रकार व्हेरोनेझेचं ‘काना गावचं लग्न’ आहे. लूव्रमधलं सगळ्यांत मोठं चित्र. विषय काय, तर बायबलमधल्या एका लग्नाची पंगत. मधोमध वादक बसलेत, उजवीकडे नोकर दगडी रांजणातून वाइन ओततोय, वरच्या सज्जात मांस कापायचं काम जोरात चालू आहे, खाली कुत्री आहेत, आणि एका कोपऱ्यात मांजर उताणं पडून रांजणाला नखं लावतंय. यजमानांना त्याचा पत्ताच नाही. हे चित्र १५६३ मध्ये पूर्ण झालं ते व्हेनिसच्या एका मठासाठी, तेही मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर लावायला. संन्यासी मुकाट्यानं जेवायचे आणि समोर हा थाट! १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्यानं ते उचलून पॅरिसला नेलं. या एका चित्रापुढे वीस मिनिटं घालवली तरी तिकिटाचे पैसे वसूल, आणि भूकही कडकडून लागते.

मग जेवायला जा. म्युझियमच्या दारासमोरच्या टपऱ्या आणि हॉटेलं टाळा. दोन गल्ल्या आत गेलात की चवही सुधारते आणि बिलही. कुठे जायचं ते सुचत नसेल तर दालनातल्या रखवालदाराला विचारा. तो रोज तिथंच कुठेतरी जेवतो, आणि त्याला हा प्रश्न विचारणारं कुणी सहसा भेटत नाही. मात्र ऑफिसांच्या वस्तीतल्या खाणावळी सुट्टीच्या दिवशी बंद असतात, हे लक्षात ठेवा. आणखी एक: काही म्युझियममध्ये त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येतं, काहींत नाही. बाहेर पडण्याआधी विचारून घ्या, नाहीतर जेवण फारच महागात पडायचं.

परत आत येता येत नसेल तर म्युझियमच्या उपाहारगृहातच बसा, त्यात कमीपणा काही नाही. उलट त्याला इतिहास आहे. लंडनमधलं आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १८५७ मध्ये साउथ केन्सिंग्टनला सुरू झालं. त्याचे पहिले संचालक हेन्री कोल. माणसं दिवसभर राबतात, त्यांनी म्युझियम बघायचं कधी? म्हणून कोलनी तिथे गॅसचे दिवे लावले आणि संध्याकाळी दारं उघडी ठेवली. आलेल्यांना खाऊपिऊही घालायचं ठरवलं. तिथली भोजनदालनं ही म्युझियममधली जगातली पहिली मानली जातात. पहिल्या वर्गाचं जेवण वेगळं, दुसऱ्या वर्गाचं वेगळं. तो काळच तसा. एक दालन नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्या कंपनीनं सजवलं, दुसऱ्यात निळ्या रंगात रंगवलेल्या फरशा भिंतीवर आहेत, आणि त्या रंगवल्यात कलाशाळेतल्या विद्यार्थिनींनी. आजही तिथे लोक चहा घेतात. म्हणजे बघायची वस्तू हीच, आणि बसायची जागाही हीच.

जेवण झाल्यावर डोळे मिटू लागतात, तेव्हा मूर्तींच्या दालनात जा. मूर्तीभोवती फिरावं लागतं, झोप उडते. जुनी वस्त्रं, हस्तलिखितं, कागदावरची चित्रं सकाळीच उरकलेली बरी. रंग उडू नयेत म्हणून तिथे उजेड मुद्दाम मंद ठेवतात, आणि जेवणानंतर तो उजेड म्हणजे अंगाईच.

इतकं सगळं ठरवाल, पण आदल्या दिवशी एक गोष्ट न चुकता बघा. लूव्र मंगळवारी बंद असतं, पुष्कळ म्युझियम सोमवारी. आणि एखाद्या वारी तुमचं म्युझियम रात्री उशिरापर्यंत उघडं असेल, तर सकाळी खुशाल लोळत पडा, संध्याकाळी लवकर जेवून घ्या आणि मग जा. शाळांच्या सहली तोवर घरी गेलेल्या असतात.

नमस्कार.