पाहुणे गेले आणि मनीचे डोळे आले

नमस्कार मंडळी. आत्ता सभागृहात शिरताना दारातच एका काकूंनी मला गाठलं आणि मोबाइलवर फोटो दाखवला. पांढरा बोका, डावा डोळा अर्धा मिटलेला, कोपऱ्यात पिवळसर चिपडं. ‘‘डॉक्टर, दिवाळी झाली की दरवर्षी असंच होतं हो. फटाक्यांची ॲलर्जीच ना?’’ मी त्यांना उलट विचारलं, घरी पाहुणे किती होते? म्हणाल्या, अकरा. भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी गेले. त्याआधी? त्याआधी घराला रंग काढला होता. आणि बोका? ‘‘तो काय, चार दिवस पलंगाखालीच होता.’’ आज भाऊबीज होऊन दहा दिवस झालेत.

माझं निम्मं भाषण त्या दारातच संपलं म्हणायला हरकत नाही. उरलेलं आता सांगते.

नाशिककरांकडे ॲलर्जीसाठी आरोपींची कमतरता नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांतल्या फवारण्या, भुरीसाठी मारलेलं गंधक, रिकाम्या प्लॉटवरचं गाजरगवत, जागोजागी चाललेल्या बांधकामांची धूळ, निफाडचा पारा उतरला की इकडे येणारा गारठा. यातलं काहीच निरुपद्रवी नाही. धुरानं, धुळीनं मांजराच्या डोळ्यांना पाणी येतंच. पण ते पाणी दोन्ही डोळ्यांतून येतं, पाण्यासारखंच स्वच्छ असतं, आणि मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवलं की दिवसभरात थांबतं. एकच डोळा, तोही मिटलेला, आणि घाण पिवळी-हिरवी असेल, तर कृपा करून ॲलर्जी हा शब्द बाजूला ठेवा. मांजरांचे डोळे येतात ते बहुतेक वेळा संसर्गानं, आणि त्यात पहिला संशयित असतो मांजरांचा हर्पिस विषाणू.

हा विषाणू पिल्लूपणी एकदा शिरला की बहुतेक मांजरांत जन्मभर राहतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन बसतो. कूळकायद्यातलं कूळ समजा, मालकानं काहीही केलं तरी जमीन सोडत नाही. एरवी गप्प असतो. मांजरावर ताण आला की जागा होतो. ताण म्हणजे आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी: कपाट हलवलं, नवं मांजर आणलं, घर बदललं, चार दिवस कुणाकडे ठेवलं. आणि गंमत अशी, की तो लगेच जागा होत नाही. ताणानंतर साधारण आठवड्यानं विषाणू बाहेर पडायला लागतो. तोवर पाहुणे आपापल्या गावी पोचलेले असतात, फराळाचे डबे धुऊन झालेले असतात, हवा गार झालेली असते. मग दोष हवेला.

पावसाळ्याचंही तसंच. ‘‘मॅडम, पाऊस पडला की पिल्लांना डोळ्यांची ॲलर्जी होते.’’ जरा हिशोब मांडू. आपल्याकडे मांजरी वर्षभरही वितात, पण दिवस मोठे व्हायला लागले की जास्त माजावर येतात. फेब्रुवारीत कौलांवर बोक्यांचं भांडण ऐकलंत ना? त्यापुढे नऊ आठवडे गाभण, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पिल्लं. आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण सहाव्या आठवड्यानंतर ओसरायला लागतं. आला जून. पावसानं काहीच केलेलं नसतं, पिल्लांचं वय तेवढं झालेलं असतं. अशा पिल्लाचे डोळे चिकटले असतील तर ओढून उघडू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पापणीवर धरा, खपली मऊ झाली की नाकाकडून बाहेर पुसा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. मग दवाखाना, त्याच दिवशी.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी खरं तर आज आले, ती. पंचवटीतून एक काका मांजरी घेऊन आले होते. भाटी, करड्या पट्ट्यांची, अडीच-तीन वर्षांची. पाच दिवस डोळा मिटलेला. मी पापणी उघडली तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा दुधी झालेला, मधोमध खड्डा. म्हटलं, काही घातलंत का? काकांनी खिशातून बाटली काढली. आतलं औषध पांढरट, लेबलवर ‘हलवून वापरा’. काकांचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यानंतरचे थेंब. ‘‘मला दोन दिवसांत आराम पडला होता, म्हटलं तिलाही पडेल.’’ प्रेमानं घातले होते हो, दिवसातून चार वेळा, वेळ लावून.

त्या बाटलीत स्टेरॉइड होतं. ऑपरेशननंतरची सूज उतरवायला ते उत्तम. पण मांजराच्या डोळ्यावर जखम असेल, आणि हर्पिस तशी जखम करतोच, तर स्टेरॉइड तिथली राखण काढून घेतं. विषाणूला रान मोकळं. तो पडदा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. आम्ही दीड महिना झगडलो. डोळा वाचला, पण फूल पडलं ते पडलंच. त्या बाजूनं कुणी आलं तर ती अजून दचकते.

आम्ही थेंब लिहून देण्याआधी एक नारिंगी कागदाची पट्टी डोळ्याला लावतो, ती याचसाठी. त्या रंगाला फ्लुओरेसिन म्हणतात. पडदा शाबूत असेल तर रंग धुऊन जातो. ओरखडा असेल तर तेवढीच जागा निळ्या उजेडात हिरवी चमकते. दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्या डॉक्टरांनी ते न करता स्टेरॉइडचे थेंब दिले, तर विचारा. मला विचारलं तरी राग येणार नाही.

सगळे डोळे हर्पिसचेच नसतात. क्लॅमिडिया नावाचा जिवाणू आहे, तो आधी एक डोळा धरतो, काही दिवसांनी दुसरा, आणि पापणीच्या आतली त्वचा फुगून लालबुंद होते. त्यावर डॉक्सीसायक्लिनची गोळी बरेच आठवडे द्यावी लागते. ही गोळी कोरडी कधीच द्यायची नाही. मांजराच्या अन्ननलिकेत ती अडकून बसते आणि तिथं भाजल्यासारखी जखम करते. गोळीमागून पाच मिली पाणी सिरिंजनं, सुईशिवाय अर्थात, गालाच्या कडेनं.

कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या फ्लॅटांत पर्शियन बरीच झालीत, त्यांच्यासाठी एक वाक्य. चपट्या चेहऱ्यामुळे अश्रूंची नळी मुडपलेली असते, म्हणून पाणी गालावर ओघळतं आणि तपकिरी डाग पडतो. तो रंग अश्रूंमधलाच आहे, रक्त नाही. रोज पुसा.

मग ॲलर्जी मांजराला होतच नाही का? होते. पण ती डोळ्यांतून कमी आणि कातडीतून जास्त बोलते. मांजर मान खाजवून सोलतं, पोट चाटून चाटून केस उडवतं, पाठीवर हात फिरवला तर बाजरीच्या दाण्यांसारख्या पुटकुळ्या लागतात. काही मांजरांना दमा होतो, मान पुढे काढून खोकतात आणि आपल्याला वाटतं केसांचा गोळा अडकलाय. यातही परागकणांआधी पिसवा शोधायच्या. फणीनं विंचरा, पडलेली काळी भुकटी ओल्या टिश्यूवर घ्या. तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा.

घरच्या औषधांबद्दल थोडं कडक बोलते. बोरिक पावडरचं पाणी नको, मांजर ते चाटून पोटात घेतं. काजळ, मध, दूध, काही नको. आणि सर्दीची गोळी तर मुळीच नाही. ‘‘ॲलर्जीचीच आहे, अर्धीच दिली’’ असं सांगतात, पण आपल्याकडच्या सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. ते पचवायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नाहीच. हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड सुजतं, आणि एका गोळीत जीव जाऊ शकतो. हर्पिसवर म्हणून लायसिन या अमिनो आम्लाची पेस्ट आम्हीही एकेकाळी भरपूर लिहून दिली. 2015 मध्ये त्यावरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा निघाला, उपयोग दिसला नाही. मी तेव्हापासून बंद केली. हर्पिस जोरात असेल तर आता फॅमसायक्लोव्हिर आहे, पण मात्रा डॉक्टरच ठरवणार. लशीचं म्हणाल तर हर्पिस, कॅलिसी आणि पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या तिन्ही विषाणूजन्य आजारांची मिळून एक असते, आठव्या-नवव्या आठवड्यापासून सुरू करायची. ती हर्पिसला दारात अडवत नाही, आजार हलका करते. तेवढंही पुष्कळ आहे.

मागून दादा विचारतायत, 2023 च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती ती मांजरांमुळे का? नाही. ती माणसांची, माणसांतच फिरली. मांजराचा हर्पिसही आपल्याला होत नाही. क्लॅमिडिया क्वचित होऊ शकतो, म्हणून थेंब घातल्यावर हात धुवा.

आणि काकू, तुमच्या बोक्याला उद्या सकाळी आणा. खात नाहीये म्हणालात ना? हर्पिसनं नाकही चोंदतं. नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही, आणि वासाशिवाय ते जेवत नाही. आज रात्री थोडी सुकट तव्यावर गरम करा, मीठ-तिखट काही नको, आणि वाटी नाकाशी धरून बघा. चाटली तर ठीक. नाही चाटली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन करा.